चाळीस पावलांचा रस्ता

कोंडाजीचा मळा, नाशिक
१४ ऑगस्ट २०२५

चि. दीपमाला,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे आणि मग ते राहून जातील.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू काय बोलतेस ते मला आता दोन्ही कान मिळूनही कळत नाही, आणि मेसेज टाकला तर तो आधी महेश वाचतो. आईच्या भल्यासाठी वाचतो म्हणे. म्हणून तुझ्या सातवी पास आत्याने इतक्या वर्षांनी पेन धरलं आहे. हे पाकीट मी पल्लवीच्या डब्याच्या पिशवीत टाकणार. ती दवाखान्यात कामाला जाते, तिच्या वाटेत पोस्ट लागतं. सुनेने ते पेटीत टाकलं की नवऱ्याच्या हातात दिलं, हे तुझं उत्तर आलं की समजेल.

आता माझं दुखणं ऐक. आपल्या दारापुढचा रस्ता सिंहस्थासाठी रुंद केला. करा बापडे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण गेल्या महिन्यात त्याच्या मधोमध कमरेइतकी भिंत घातली आणि वर लोखंडी कठडा. आपलं घर अलीकडे, फुलांचा मळा पलीकडे. दारातून निघाले की चाळीस पावलांत मी झेंडूत असायचे. कॉलेजला होतीस तेव्हा घोटीहून येऊन दोन वर्षं माझ्याकडे राहिलीस, माझ्याबरोबर पाटी घेऊन किती वेळा गेलीस ते आठव. आता वळायची जागा सव्वा किलोमीटरवर, आणि तिथून पुन्हा तेवढंच मागे यायचं. चाळीस पावलांचे अडीच किलोमीटर झाले. कडेला चालायला जागा नाही. रस्ता ओलांडताना मला कानांची गरज पडत नव्हती, दोन्हीकडे बघायचं आणि जायचं. कडेने चालताना गाडी पाठीमागून येते. दुसऱ्याच दिवशी एक टेम्पो माझ्या पदराला घासून गेला. तेव्हापासून एकटीने जायचं नाही, असा महेशचा हुकूम आहे. रविवारी तो मोटारसायकलवर नेतो. बाकीचे सहा दिवस मी ओट्यावर.

पलीकडे भागीबाई आहे. ती पेठकडची, वीस वर्षं आपल्या मळ्यात फुलं तोडते, तिथेच पंपाच्या खोलीत राहते. माझे कान गेले तशी आम्ही दोघींनी हातांची बोली केली, ते तू पाहिलं आहेस. मूठ उघडली की फूल उमललं. दोन्ही तळहात जोडून खोलगट धरले की पाटी भरली. आता ती तिकडच्या कडेला आणि मी ओट्यावर. मधून चार पदरी गाड्या, तरी आमचं बोलणं चालतं. ज्यांचे कान धड आहेत त्यांना तिथे एकमेकांचं ऐकू येत नाही. रोज सकाळी ती 'पाटी भरली' दाखवते आणि मी नुसती मान हलवते. मग घरात येऊन भांडी आदळते.

तू शहरं आखायचं शिकलीस. ही भिंत कोणी आखली ते शोधून काढ आणि नाशिकच्या आत्याने विचारलंय म्हणून सांग, की बाबा, तुला आई आहे का.

तुझी आत्या,
नवसाबाई


पुणे
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकीट मिळालं आणि ते फोडलेलं नव्हतं. म्हणजे पल्लवीवहिनीवरचा आरोप तुला मागे घ्यावा लागेल.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, शहर माणसांसाठी. त्या भिंतीकडे पाठ करून वाचलं. कोणी आखलं म्हणून विचारतेस, तर अशा कामाला बरेच हात लागतात, एका माणसाचं नाव घेता येत नाही. माणसांना ओलांडायला वाट कुठे ठेवायची ते मोजणीवर ठरतं. किती जण रोज कुठून कुठे जातात, कशासाठी जातात, हे आधी घरोघर विचारलेलं असतं. जिथे आकडा मोठा, तिथे वाट. बाकी ठिकाणी गाड्या जोरात जाणार म्हणून भिंत.

म्हणून एक विचारते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात कोणी घरी येऊन तुला काही विचारलं होतं का? काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, आठवेल तसं सगळं लिही.

आणि कठड्यावर चढायचं नाही. तुला ओळखते म्हणून लिहिते.

तुझी,
दीपा


कोंडाजीचा मळा
५ सप्टेंबर २०२५

चि. दीपे,

आली होती ना. गोड पोर होती, हातात पाटीएवढा फोन. माझे कान तेव्हा अर्धे शाबूत होते. ओट्यावर बसवून तिला चहा दिला. तिने विचारलं, "आजी, रोज कुठं कुठं जाता तुम्ही?"

मी म्हटलं, "कुठं जायचं बाई, घरीच असते."

"आणि काम काय करता?"

"काय नाय. घरकाम."

तिने लिहून घेतलं आणि चहा चांगला झालाय म्हणाली.

आता तू म्हणशील, आत्या खोटं बोलली. अगं, मळ्यात जाणं हे काय जाणं झालं? जाणं म्हणजे त्र्यंबकला जाणं, घोटीला माहेरी जाणं. त्याला लुगडं बदलावं लागतं. मळ्यात मी चुलीवरचा भात ठेवून जायचे आणि तो उतरवायला परत यायचे. आणि आपल्यात कोणी विचारलं तर बाईने घरीच असते असं सांगायचं, ही सासूबाईंची शिकवण. रोज बाहेर जाते म्हणणारी बाई त्यांच्या लेखी बिनकामाची भटकी. आपल्या आळीत सगळ्याजणींनी हेच सांगितलं, मालनबाईने, मैनाने, झाडून सगळ्यांनी. गंमत म्हणजे भागीबाईनेही. तिला विचारलं तर म्हणाली, "आमचा घर पेठला हाय. हथं नाय राहत आमी." वीस वर्षं राहूनही. मग पलीकडे कोणी राहत नाही आणि अलीकडून कोणी जात नाही, असंच लिहिलं असेल त्या पोरीने.

मला हे लिहिताना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण महेशने एक माणूस आणला होता. सिंहस्थात गाड्या उभ्या करायला त्याला जागा हवी आहे. मळ्यात मुरूम टाकायचा, दाबायचा आणि पाच वर्षांचा कागद करायचा. मुरूम दाबल्यावर त्या मातीत पुन्हा काय उगवणार? महेश ओरडत नाही. माझ्यापुढे बसून पाटीवर लिहून दाखवतो, कानासाठी ती पाटी आणली आहे. त्याने लिहिलं, "आई, तू जाऊ शकत नाहीस, मग मळा ठेवून काय करायचा?" मळा माझ्या नावावर आहे, सही माझीच लागते. संक्रांतीपर्यंत विचार कर म्हणाला. मला त्याचा राग येत नाही हेच वाईट आहे. तो भितो, मी गाडीखाली जाईन म्हणून.

पल्लवीचंही सांगते. भिंत झाल्यापासून ती संध्याकाळी तासभर उशिरा येते आणि आल्यावर आधी पाय चेपत बसते. पोळ्या मी केलेल्या असतात. हुशार आहे.

वाट बघते आहे. ते नाव सापडलं का?

आत्या


पुणे
२८ सप्टेंबर २०२५

आत्या,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

ते नाव सापडलं आहे. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात असतं, काढणाऱ्याचं. तुझ्या दारापुढचा तुकडा मी काढला आहे. मागच्या पत्रात बरेच हात असतात असं लिहिलं, ते खरं आहे, पण तिथे रेघ ओढणारा हात माझा होता.

आमच्याकडे मोजणीचे कागद आले, तेव्हा कोंडाजीच्या मळ्यासमोर आकडा शून्य होता. तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. मी त्या रस्त्यावरून तुझी पाटी वाहिली आहे. पहिल्या नकाशात मी तिथे वाट ठेवली होती, उंचवट्याची, गाड्यांना हळू करणारी. मग साहेबांनी विचारलं, इथे कशासाठी, आकडा तर शून्य आहे. मला सांगता आलं असतं की माझी आत्या राहते, मी पाहिलंय. पण मनात आलं, हे लोक म्हणतील, हिने आपल्या आत्याच्या दारात फाटक करून घेतलं. माझ्यावर वशिल्याचा डाग नको होता. मी वाट खोडली. त्या दिवशी साहेब म्हणाले की तुझं काम निर्मळ असतं, आणि मी खूश होऊन घरी गेले.

मला लाज वाटते. यापुढे तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

दीपा


कोंडाजीचा मळा
८ ऑक्टोबर २०२५

दीपमाला,

पत्र मिळालं.

दसऱ्याच्या सकाळी भागीबाईने फुलं तोडली, दोन पाट्या. आपल्या दाराला तोरण नाही हे तिला तिकडून दिसत होतं. रस्ता जरा मोकळा दिसला तशी ती एक पाटी घेऊन कठड्यावर चढली. मी हात हलवून नको नको म्हणत होते. अलीकडे उतरताना तिचा पाय घसरला आणि ती पडली. गाडी थांबली, म्हणून वाचली. उजवा हात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर आहे.

आता ती पलीकडे उभी राहते आणि एकाच हाताने बोलते. मूठ उघडता येते, पाटी दाखवता येत नाही. अर्धं बोलते आणि थांबते.

तुझं काम निर्मळ आहे हे तिला कसं सांगू, त्याला आमच्यात खूण नाही.

नवसाबाई


पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं शेवटचं वाक्य मी पाठ केलं आहे. केलं ते सांगते.

दिवाळीआधी साहेबांना सगळं सांगितलं. आकडा चूक होता, मला माहीत होतं, आणि तू माझी आत्या आहेस. त्यांनी मला त्या कामावरून काढलं. ते बरोबरच केलं. पुन्हा मोजणी करायचं मात्र कबूल केलं. पण कशी, तर त्या भिंतीपाशी कॅमेरा लावून. कॅमेऱ्यात काय दिसणार? भिंत आहे म्हणून कोणी ओलांडत नाही, आणि कोणी ओलांडत नाही म्हणून वाट नको. यावर मी आठ दिवस भांडले. शेवटी ठरलं की मोजणी वळणावर करायची. १९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पायी येणाऱ्या प्रत्येकाला विचारणार, कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी.

याची नोटीस लागली आहे. ती कोणी वाचणार नाही म्हणून तुला लिहिते. आळीतल्या सगळ्याजणींना सांग. मी तिथे येऊ शकत नाही, मला मनाई आहे. एकच मागणं आहे, खोटं एक पाऊलसुद्धा नको. भिंत नसती तर जितक्या वेळा गेली असतीस, तितक्याच वेळा जा. आणि एकटीने जाऊ नकोस, कोणाचा तरी हात धर.

भागीबाईला माझा नमस्कार सांग. एका हाताने होत असेल तर.

दीपा


कोंडाजीचा मळा
२१ नोव्हेंबर २०२५

चि. दीपे,

माझे पाय कोमट पाण्यात आहेत आणि मी हे लिहिते आहे.

आधी सगळ्याजणी नाही म्हणाल्या. मालनबाई म्हणाली, मोजणीवाल्यांसमोर पाट्या घेऊन मिरवायचं का? मैनाला नवऱ्याची भीती. मी महेशला काही सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी तो कामावर निघाला तसा मी पदर खोचला आणि दाराशी गेले, तर पल्लवी चपला घालून उभी. मला वाटलं अडवायला उभी आहे. तिने माझी लिहायची पाटी ओढली आणि लिहिलं, "रजा टाकली आहे. मी रोज चालते, मला वाट माहीत आहे."

दीपे, मी मूर्ख आहे. तिची परतीची बस मळ्याच्या बाजूला थांबते. चार महिने ती पोर तिथे उतरून अडीच किलोमीटर चालून घरी येत होती, आणि मी म्हणत होते पोळ्या टाळते. तिने एकदाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं म्हणून विचारलं तर लिहिते, "तुम्ही कुठे विचारलंत?" माझी पत्रं तीच टाकत होती, हेही मी विसरले होते.

तिने माझा हात धरला आणि आम्ही निघालो. गाडी आली की ती बोटं दाबायची, मी कडेला व्हायचे. आम्हाला बघून मैना निघाली, मग मालनबाई, मग बाकीच्या. पाट्या घेऊनच निघाल्या, रिकाम्या हाताने चालायची कोणाला सवय नाही. वळणावर एक पोरगी खुर्ची टाकून बसली होती. तिने विचारलेलं पल्लवीने मला लिहून दाखवलं, आजी कुठे निघालात. माझ्या तोंडात आलंच होतं, कुठं नाय बाई. साठ वर्षांची सवय. पदर पुन्हा खोचला. मग म्हटलं, "कामाला. माझा फुलांचा मळा हाय पलीकडं."

मोठ्याने बोलले असणार, कारण सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग मागच्या प्रत्येकीने तेच सांगितलं, कामाला. पल्लवी मला लिहून दाखवत होती. भागीबाई तिकडून आली. तिने सांगितलं की घर हथंच हाय, मळ्यात.

दोन खेपा केल्या. आधी मी तीन करायचे, पण तिसरीला पाय उचलेनात. त्या पोरीला सांगितलं, तिसरी लिही आणि पुढे लिही की म्हातारीला जमली नाही. खोटं पाऊल नको म्हणाली होतीस ना.

महेशला संध्याकाळी कळलं. हे कोमट पाणी त्यानेच आणून दिलं.

तुझ्यावरचा राग थोडा उरला आहे. तो मी ठेवणार आहे. बाकीचा गेला.

आत्या


पुणे
९ जानेवारी २०२६

आत्या,

तुझ्या पत्रानंतर मी रोज कोणाला तरी विचारत होते. काल कागद बघायला मिळाला.

त्या सगळ्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा आकडा कोंडाजीच्या मळ्याचा आहे. तुझी तिसरी खेपही लिहिली आहे, शेऱ्यासकट. वाट मंजूर झाली. उंचवट्याची, रुंद, पाटी घेऊन जाता येईल अशी.

पण सिंहस्थ आटोपेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, असा वरून आदेश आहे. त्यानंतर पैसे, त्यानंतर काम. मी खोदून खोदून विचारलं. २०२८ च्या उन्हाळ्याआधी नाही.

हे तुला कसं लिहायचं ते कळत नव्हतं. नोकरी सोडावी असं मनात आलं, पण मी घरी बसून तुझी वाट उघडणार नाही. इथेच राहून दर महिन्याला तो कागद वर काढत राहीन. संक्रांत जवळ आली आहे, हे मला माहीत आहे. सही करायची का ते तू ठरव. केलीस तर मी तुला दोष देणार नाही.

दीपा


पंपाची खोली, मळा
३ फेब्रुवारी २०२६

चि. दीपमाला,

पत्ता बदलला आहे, वर बघ. पुढचं पत्र इथे टाक.

संक्रांतीला महेशने तिळगूळ दिला आणि कागद पुढे ठेवला. मी त्याला तुझं पत्र दाखवलं. त्याने पाटीवर लिहिलं, "अडीच वर्षं, आई. तोवर काय?" मी म्हटलं, विचार करते. खरंच केला. सही केली तर मळा गेला. नाही केली तर ओट्यावर बसून तो वाळताना बघायचा. भागीबाईच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण हात अजून वळत नाही, एकटीने तिला तोडणी होत नाही. दोन्हीकडून मी अडकलेली.

मागच्या रविवारी महेशने नेहमीसारखं मोटारसायकलवरून मळ्यात आणलं. मांडीवर गाठोडं होतं. त्याला वाटलं, भागीबाईला जुनी लुगडी देते. संध्याकाळी त्याने गाडी चालू केली आणि मागे बसायची खूण केली. मी बसले नाही. तो खाली उतरला आणि एवढंच बोलला, ओठांवरून मला कळलं, "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू दे. ती बी अडीच किलोमीटर चालून येतील मंग." त्याला हसू आलं, आणि मग डोळे पुसत तो गेला. मलाही रडू आलं, भागीबाईने डाव्या हाताने चहा दिला.

फार सुखात आहे असं समजू नकोस. खोलीत पंपाचा वास आहे. घरी राहिलेल्या नातवाची, महेशच्या लेकाची, आठवण आली की जीव कासावीस होतो, आणि इथूनही मला एकटीने कुठे जाता येत नाही. अडकले ती अडकलेच आहे, फक्त बाजू मी निवडली. सकाळी फुलं आम्ही दोघी तोडतो. तीन हात आहेत, पुरतात. संध्याकाळी पल्लवी बसमधून उतरते, चहा पिते, माझं पत्र घेते आणि चालायला लागते. तिला आमची बोली शिकवते आहे. मूठ तिला जमते, पाटीत बोटं चुकतात.

काल महेश आपल्या ओट्यावर उभा होता, जिथे मी बसायचे तिथे. पल्लवीने शिकवलं असणार. त्याने छातीवर हात ठेवला, मग डोक्यावर दोन्ही हातांचं छप्पर केलं आणि मला बोलावलं. घरी कधी येणार? मधून ट्रक जात होते, म्हणून त्याला तीनदा करावं लागलं. मीही छप्पर केलं आणि बोट पायाखालच्या मातीकडे दाखवलं. घरीच आहे. मग त्याने दोन्ही तळहात जोडून पुढे धरले. पाटी भरली का? त्याची बोटं अगदी बरोबर होती.

तर दीपे, तो कागद वर काढशील तेव्हा माझं एक नव्याने लिही. मोजणीवाली पोरगी पुन्हा आली तर मी घरीच असते म्हणणार नाही. सांगेन, बाई, मला हा रस्ता रोज ओलांडायचा आहे. पलीकडे माझा मुलगा राहतो.

तुझी,
आत्या